विश्लेषण : सॅन फ्रान्सिस्कोत ‘नामशेष’ झुडूप सापडले, पण ओळखले कशाच्या आधारे? कोण होत्या ॲलिस ईस्टवूड?

ऑक्टोबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी कडेची झाडे काढण्यात आली. मोकळ्या झालेल्या जागेत एक बुटके झुडूप उरले होते. गाडीतून जाणाऱ्या एका जाणकाराची नजर त्यावर पडली आणि वनस्पतिशास्त्रज्ञांची धावपळ सुरू झाली. ते झुडूप फ्रान्सिस्कन मांझानिटा असावे, असा अंदाज होता. ही प्रजाती १९४७ पासून निसर्गातून संपल्याचे मानले जात होते. १९०५ मध्ये तिला शास्त्रीय नाव देणाऱ्या बाईंचे नाव ॲलिस ईस्टवूड.

मांझानिटा ओळखणे अवघड का?

मांझानिटा म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटे सफरचंद. इवलीशी फळे, लालसर खोड आणि उलट्या घागरीसारखी पांढरी-गुलाबी फुले. साठहून अधिक प्रजाती, त्यातल्या बहुतेक कॅलिफोर्नियात, आणि त्यांचा आपसात संकरही होतो. फुलावरून फारसे काही कळत नाही. बुंध्याशी गाठ आहे की नाही, फांदीवर लव कशी आहे, पानाचा आकार कोणता, हे तपासावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनारपट्टीवरच याची दोन जवळची भावंडे होती. रेवन्स मांझानिटा जमिनीलगत पसरते आणि तिची पाने गोलसर असतात. फ्रान्सिस्कन थोडी उभी वाढते, पाने लांबट. दोघींच्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी आहे. रेवन्समध्ये फ्रान्सिस्कनच्या दुप्पट गुणसूत्रे असतात. ईस्टवूड यांच्या काळात मात्र हाताशी भिंग होते आणि वाळवलेल्या फांद्या होत्या, एवढेच.

कोण होत्या ईस्टवूड?

जन्म १८५९ चा, कॅनडातील टोरांटोचा. सहा वर्षांच्या असताना आई गेली. किशोरवयात त्या अमेरिकेत डेन्व्हरला आल्या, काम करत शिकल्या आणि १८७९ मध्ये शाळेत पहिल्या आल्या. पुढे त्याच शाळेत सुमारे दहा वर्षे शिकवले. महाविद्यालयाची पायरी त्या कधीच चढल्या नाहीत. वनस्पतिशास्त्र शिकल्या ते पुस्तकांतून आणि सुट्टीत रॉकी पर्वतात एकटीने केलेल्या भटकंतीतून. १८८७ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस तिथे आले, तेव्हा ४,३०० मीटरहून उंच ग्रेज पीकवर त्यांना वाट दाखवणाऱ्या याच होत्या. उत्क्रांतीच्या सिद्धान्तात डार्विनसोबत ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे वॉलेस.

१८९२ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये रुजू झाल्या. पुढे वनस्पती विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली, ती १९४९ पर्यंत.

१८ एप्रिल १९०६ ला काय घडले?

पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला आणि पाठोपाठ शहर पेटले. मार्केट स्ट्रीटवरच्या ॲकॅडमीचा संगमरवरी जिना कोसळला होता आणि शेजारच्या इमारतीपर्यंत आग पोहोचली होती. ४७ वर्षांच्या ईस्टवूड एका मित्रासह लोखंडी कठड्याच्या गजांत पाय रोवत सहाव्या मजल्यावर चढल्या.

वर हजारो नमुने होते. त्यातले न्यायचे कोणते, हा प्रश्न त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता. टाइप स्पेसिमेन, म्हणजे ज्या फांदीवरून प्रजातीचे पहिले वर्णन लिहिले गेले ती मूळ फांदी, तेव्हाच्या रीतीप्रमाणे इतर नमुन्यांतच मिसळून ठेवली जाई. ईस्टवूड यांनी मात्र या फांद्या वेगळ्या कपाटात लावल्या होत्या. त्यांचे महत्त्व समजायला मापनाचे उदाहरण सोपे पडेल. २०१९ पर्यंत जगभरच्या किलोग्रॅमचा हिशेब शेवटी पॅरिसजवळ ठेवलेल्या एका धातूच्या ठोकळ्याशी जुळवला जाई. वनस्पतीच्या नावाचे तसेच आहे. दोन तज्ज्ञांत वाद झाला की निवाडा मूळ फांदीपाशी होतो. ती जळाली, तर उरते फक्त वर्णन. आणि जवळच्या प्रजातींची वर्णने वाचायला बरीचशी सारखीच असतात.

त्या दिवशी दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे सहा मजले खाली सोडण्यात आले. १,४९७ नमुने वाचले. ॲकॅडमीचा उरलेला वनस्पतिसंग्रह खाक झाला आणि ईस्टवूड यांचे स्वतःचे घरही गेले. त्यांच्याजवळ राहिले ते त्यांचे आवडते भिंग.

पुढे काय?

नोकरीची जागाच उरली नव्हती. पुढची काही वर्षे त्यांनी हार्वर्डचे ग्रे हर्बेरियम, लंडनचे क्यू, पॅरिस इथल्या संग्रहांत मूळ नमुने पाहण्यात घालवली. १९१२ मध्ये परतल्या तेव्हा वय ५३ होते. मग पुन्हा शून्यापासून सुरुवात. निवृत्त झाल्या तेव्हा संग्रहात सुमारे ३ लाख ४० हजार नमुने होते.

त्यांनी दिलेली सगळी नावे टिकली नाहीत. किंचित फरक दिसला तरी नवी प्रजाती मानण्याकडे त्यांचा कल होता, आणि ल्युपिन या वाटाण्याच्या कुळातल्या रानफुलांत त्यांची अनेक नावे नंतर जुन्या नावांत विलीन करण्यात आली. ही टीका रास्तच म्हणावी लागेल. मात्र कॅलिफोर्नियाच्या निपोमो भागातील किनारी वाळूत वाढणारे एक छोटे ल्युपिन त्यांनी १९३९ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, वेगळे म्हणून नोंदवले. ते नाव टिकले आणि २००० साली ही प्रजाती अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आली. वेगळे नाव नसते, तर दूरवर पसरलेल्या एखाद्या ल्युपिनची स्थानिक वाढ म्हणून ते मोजले गेले असते आणि त्याच्यासाठी वाळूचा एक तुकडाही राखला गेला नसता.

१९५० मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत त्या मानद अध्यक्ष होत्या. तिथे त्यांना लिनियसच्या खुर्चीत बसवण्यात आले. ३० ऑक्टोबर १९५३ रोजी, ९४ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोतच त्यांचे निधन झाले.

आणि ते झुडूप?

लॉरेल हिल दफनभूमी ही फ्रान्सिस्कन मांझानिटाची शेवटची ज्ञात जागा. १९४७ मध्ये तिथे बुलडोझर फिरला, पण काही रोपे त्याआधीच उद्यानांत हलवण्यात आली होती. मधल्या काळात तिला दुसऱ्या मांझानिटाची उपप्रजातीही ठरवण्यात आले, नंतर पुन्हा स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. २००९ मध्ये सापडलेले झुडूप तेच असल्याची खात्री झाल्यावर जानेवारी २०१० मध्ये ते मुळांभोवतीच्या मातीसकट क्रेनने उचलून जवळच्याच प्रेसिडिओ परिसरात हलवण्यात आले. २०१२ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. नेमके कुठे लावले, ते जाहीर करण्यात आलेले नाही.