नियम नसताना

गेल्या वर्षी आमच्या वादविवाद मंडळाच्या एका सभेचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. एक वक्ता वेळ संपली तरी थांबेना. मी दोनदा घंटा वाजवली आणि शेवटी त्याला खाली बसवले. टाळ्या मला मिळाल्या. पण घरी जाताना मनाला रुखरुख लागली. कारण त्या बाजूने बोलणारा तो एकटाच होता. पुढे राज्यशास्त्राच्या वाचनात मला हेन्री ब्रँड भेटला, आणि ती रुखरुख कशाची होती ते कळले.

ब्रँडचा जन्म २४ डिसेंबर १८१४ चा. उमराव घराण्यातला हा धाकटा मुलगा ईटनला शिकला, सर जॉर्ज ग्रे यांचा खाजगी चिटणीस झाला, आणि १८५२ मध्ये ल्यूइसहून हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आला. १८५९ पासून तो लिबरल पक्षाचा मुख्य प्रतोद होता. सभासद गोळा करायचे, मते मोजायची, रुसलेल्यांची समजूत घालायची, हे प्रतोदाचे काम. असा हाडाचा पक्षकार्यकर्ता १८७२ मध्ये सभापती झाला. हा निःपक्षपाती कसा राहणार, अशी शंका कोणालाही यावी. परंतु १८७४ मध्ये सत्ता कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेली, डिझरायली पंतप्रधान झाला, तरीही सभागृहाने पुन्हा ब्रँडलाच निवडले. मला वाटते, याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

१८८० मध्ये नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला. ब्रँडने स्वतः निर्णय न देता प्रश्न सभागृहावर सोपवला, आणि तो वर्षानुवर्षे चिघळला. (हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला होता.) तेव्हा ब्रँड कचरला, असे म्हणता येईल. पुढच्याच वर्षी मात्र त्याने नेमके उलटे केले.

आयर्लंडमध्ये कुळे आणि जमीनदार यांचा झगडा पेटला होता. नुसत्या संशयावरून माणसाला विनाचौकशी डांबता यावे, असे विधेयक सरकारने आणले. असला कायदा म्हणजे काय, हे रौलट कायदा ठाऊक असलेल्या आपल्याला समजावून सांगायला नको. पार्नेलच्या आयरिश सभासदांनी एकच शस्त्र उचलले : बोलत राहायचे. सभेच्या नियमांत चर्चा बंद करण्याची सोयच नव्हती. ३१ जानेवारी १८८१ रोजी दुपारी चारला सुरू झालेली बैठक दोन रात्री उलटल्या तरी संपेना.

२ फेब्रुवारीच्या सकाळी ब्रँड विश्रांती घेऊन परतला आणि आसनावर बसला. बिगर नावाचा आयरिश सभासद बोलत होता. त्याला पुढे बोलू न देता ब्रँड उठला आणि केवळ स्वतःच्या जबाबदारीवर त्याने प्रश्न मताला टाकला. १६४ विरुद्ध १९. एकेचाळीस तासांची बैठक संपली. आयरिश सभासद निषेध करीत बाहेर पडले. सरकार नियम सुधारील, अशी कबुली त्याने पंतप्रधान ग्लॅडस्टनकडून आधीच घेतली होती. म्हणजे पाऊल विचारपूर्वक होते. पण ज्या सरकारचे विधेयक, त्याच्याशीच ही बोलणी झाली होती, हेही विसरता येत नाही. त्या कायद्याखाली ऑक्टोबरमध्ये खुद्द पार्नेल तुरुंगात गेला.

१८८२ मध्ये चर्चा आवरती घेण्याचा नियम रीतसर लिहिला गेला. १८८४ मध्ये ब्रँड निवृत्त होऊन व्हायकाउंट हॅम्पडेन झाला, आणि ससेक्समधील ग्लाइंड येथे शेतीत व दूधदुभत्यात रमला. १४ मार्च १८९२ रोजी फ्रान्समधील पो येथे त्याचे निधन झाले.

ब्रँड बरोबर होता का? सभागृहाचे काम कोणी कायमचे अडवून धरू नये, हे मला पटते. पण एकोणीस जणांच्या दृष्टीने त्या सकाळी पंचानेच खेळ थांबवला होता, आणि तोही तोवर न लिहिलेल्या नियमाने. त्याची कृती मला समजते. तिचे कौतुक मात्र निर्धास्तपणे करवत नाही.

यंदाच्या पहिल्या सभेत मी वेळेचा नियम आधीच फळ्यावर लिहिला, आणि पहिले नाव पुकारले ते त्या मित्राचे.