पिंपल्स, फ्लेमिंग आणि तुमच्या हातातली ट्यूब

रीलमध्ये कोणीतरी क्लिंडामायसिन जेल दाखवतं, खाली कमेंटमध्ये लोक नाव विचारतात आणि थोड्या वेळात ऑर्डरही जाते. ती ट्यूब म्हणजे साधी क्रीम नाही, त्यात अँटीबायोटिक आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आपण इथे मोबाइल, ॲप, प्रोसेसर यांच्याबद्दल वाचतो. आज जरा वेगळं तंत्रज्ञान घेऊया. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे चेहऱ्याला काय लावा हे मी सांगणार नाही, एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते बुरशी लागलेल्या ताटलीपुरते. पण पेनिसिलिनच्या १९ वर्षं आधी याच माणसाने पिंपल्सवर संशोधन केलं होतं. आणि आज तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर जे घडतंय, त्याचा इशाराही त्यांनीच देऊन ठेवला होता.

शेतातून लंडनला

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळ त्यांच्या घरची शेती होती. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. किशोरवयात ते भावांकडे लंडनला आले, थोडं शिकले आणि मग एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं कारकुनी केली. नोकरीत मन नव्हतं. एका काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, थोरला भाऊ डॉक्टर होता, त्याने सुचवलं आणि १९०१ मध्ये ते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. हेच कॉलेज का? तर तिथल्या संघाविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते, म्हणून नाव ओळखीचं होतं!

१९०६ मध्ये डॉक्टर झाल्यावर ते तिथल्याच लसीकरण विभागात लागले. त्यांची नेमबाजी उत्तम होती आणि कॉलेजच्या रायफल क्लबला हा खेळाडू सोडायचा नव्हता, हेही त्यामागचं एक कारण होतं. जवळजवळ सगळं आयुष्य मग त्यांनी त्याच हॉस्पिटलात काढलं.

पिंपल्सची लस

विभागप्रमुख होते अल्मरॉथ राइट. त्यांचा लसींवर प्रचंड विश्वास. लस फक्त रोग टाळायला नाही, तर झालेला रोग बरा करायलाही वापरता येईल, असं त्यांना वाटायचं. पेशंटचे जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे, मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे शरीर लढायला शिकेल, अशी कल्पना.

या पद्धतीने फ्लेमिंग यांनी पिंपल्स हाताळले. पिंपल्समध्ये सापडणाऱ्या जंतूंचा त्यांनी अभ्यास केला, त्यांच्यापासून लस बनवली आणि १९०९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर पेपर छापला. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

लस टिकली नाही. त्याचं कारण आज कळतं. त्या जंतूचं सध्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तो ज्यांना पिंपल्स आहेत त्यांच्याच नव्हे, जवळजवळ सगळ्यांच्या त्वचेवर राहतो. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतलं तेल वाढतं, मेलेल्या पेशींमुळे छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात आणि मग सूज येते. म्हणजे जंतू हा चार कारणांपैकी एक. फक्त त्यालाच टार्गेट केलं तर बाकीची तीन तशीच राहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

जखमेवर ओतलेलं औषध

पहिल्या महायुद्धात राइट यांची टीम फ्रान्समधल्या बुलोन शहरात गेली. एका कसिनोत लष्करी हॉस्पिटल उभं केलं होतं. गोळीबाराने फाटलेल्या, चिखल आणि कपड्यांचे तुकडे आत गेलेल्या जखमा घेऊन सैनिक यायचे. डॉक्टर त्यात भरपूर अँटिसेप्टिक ओतायचे, तरी जखमा चिघळायच्या.

फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला काट्यांसारखी पोकळ टोकं काढली. ही झाली खोट्या जखमेची मॉडेल! त्यात जंतू भरले, अँटिसेप्टिक ओतलं, काढून टाकलं आणि वाट बघितली. टोकांच्या कोपऱ्यांत औषध पोचलंच नव्हतं. तिथले जंतू वाचले आणि पुन्हा सगळीकडे पसरले. शिवाय ही औषधं जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी मारतात, हेही त्यांनी दाखवलं. वरून लावलेलं औषध जिथे पोचायला हवं तिथे, पुरेशा प्रमाणात पोचतं का, हा प्रश्न त्यांना तिथे सापडला. तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

सर्दी, आणि मग बुरशी

शरीराच्या पेशींना धक्का न लावता जंतू मारणारं काहीतरी हवं होतं. १९२१ मध्ये फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतूंच्या ताटलीत टाकून बघितला. आजूबाजूचे जंतू विरघळले! हा पदार्थ अश्रूंतही असतो. त्याचं नाव लायसोझाइम. पण घातक जंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता.

सप्टेंबर १९२८ मध्ये ते सुट्टीवरून परतले, तेव्हा टेबलावर जुन्या ताटल्यांचा ढीग होता. त्यांत स्टॅफिलोकोकस वाढवलेले होते, म्हणजे गळू करणारे जंतू. एका ताटलीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे होत होते. ती पेनिसिलियम बुरशी. तिच्या रसाला १९२९ मध्ये त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं.

पेनिसिलिन आधी वरूनच वापरलं गेलं

पेनिसिलिन म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आठवतं. पण सुरुवातीला ते बाहेरून लावायचं औषध होतं. जानेवारी १९२९ मध्ये फ्लेमिंग यांनी आपल्या सहायकाच्या सायनसमध्ये बुरशीचा रस सोडून बघितला. फारसा फरक पडला नाही.

पुढच्या वर्षी शेफील्ड शहरात सेसिल पेन या डॉक्टरांनी प्रयत्न केला. ते सेंट मेरीजचेच विद्यार्थी. त्यांनी आधी हा रस दाढीच्या केसांच्या मुळाशी पू होणाऱ्या त्वचारोगावर लावला. उपयोग झाला नाही. मग नवजात बाळांच्या डोळ्यांच्या संसर्गावर वापरला आणि तिथे यश आलं. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या जंतूंपर्यंत औषध सहज पोचतं, केसाच्या मुळाशी खोलवर पोचणं अवघड. काचेच्या त्या खोट्या जखमेने हेच दाखवलं होतं.

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन शुद्ध करता आलं नाही. ते काम दशकभराने ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी एका पोलिसाला ते टोचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा संसर्ग इतका पसरला होता की एक डोळा काढावा लागला होता. इंजेक्शननंतर तो सुधारायला लागला. पण औषधच संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा त्यालाच दिलं, तरी पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला. चेहऱ्यावरचा संसर्ग जीव घेऊ शकायचा, असा तो काळ होता.

१९४५ चा इशारा

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून नोबेल मिळालं. भाषणात फ्लेमिंग यांनी नुसतं कौतुक स्वीकारलं नाही. प्रयोगशाळेत जंतूंना मरणार नाहीत इतकं थोडं पेनिसिलिन दिलं, की ते त्याला दाद देईनासे होतात, हे त्यांनी सांगितलं. मग एक काल्पनिक उदाहरण दिलं. एका माणसाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, उलट तयार होतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आता पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. चूक एकाची, किंमत दुसऱ्याची.

हे लवकरच खरं व्हायला लागलं. त्याच दशकात लंडनच्या हॉस्पिटलांत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस वाढताना दिसले. पेनिसिलिनची मलमंही निघाली होती, पण त्वचेवर लावल्याने अनेकांना ॲलर्जी होऊ लागली आणि ती मागे पडली.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने फ्लेमिंग गेले. त्याच वर्षी आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीत, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. जे औषध एका पोलिसाला पुरलं नव्हतं, ते आता आपल्या शेजारी बनत होतं.

आता तुमच्या ट्यूबकडे येऊ

पिंपल्ससाठी वरून लावायची नेहमीची अँटीबायोटिक्स दोन: क्लिंडामायसिन आणि इरिथ्रोमायसिन. जंतूच्या पेशीत प्रोटीन बनवणारं एक मशीन असतं, रायबोसोम. ही दोन्ही औषधं त्यावर जवळजवळ एकाच जागी चिकटतात आणि मशीन बंद पाडतात. आता त्या जागेच्या जेनेटिक कोडमध्ये एखादं अक्षर बदललं, की औषध चिकटत नाही. कोडमधला एक कॅरेक्टर बदलला आणि पासवर्ड चालेना, तसंच. बऱ्याचदा एकाच बदलात दोन्ही औषधं निकामी होतात.

असे बदललेले जंतू थोडे असतातच. तुम्ही महिनोन्‌महिने ट्यूब लावता, बाकीचे मरतात, जागा रिकामी होते आणि हेच वाढतात. अमेरिकेत १९७९ मध्येच असे जंतू नोंदले गेले. शिवाय त्वचेवर शेजारी राहणारे स्टॅफिलोकोकसही त्याच औषधात न्हाऊन निघतात आणि तेही तयार होतात. ते उद्या जखमेत किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकतात. नोबेलच्या भाषणातला नवरा म्हणजे आज आरशासमोर ट्यूब घेऊन उभा असलेला आपल्यातलाच कोणीतरी.

म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ हे अँटीबायोटिक एकटं वापरू नका म्हणतात. सोबत बहुतेकदा बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. ते एका जागी चिकटत नाही, ऑक्सिडेशन करून एकदम अनेक ठिकाणी मारा करतं, त्यामुळे एक अक्षर बदलून जंतू सुटत नाही. बुजलेली छिद्रं मोकळी करायला ॲडापॅलिनसारखं औषध असतं, म्हणजे चार कारणांपैकी बाकीच्यांवरही काम होतं. आणि अँटीबायोटिक साधारण तीन महिन्यांत थांबवतात. चिठ्ठीवर लिहिलेल्या काळाच्या पुढे तीच ट्यूब पुन्हा पुन्हा आणणं हा उपचार नाही, ते जंतूंचं ट्रेनिंग आहे.

क्लिंडामायसिन भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, ही सोय नाही. घरात अशी ट्यूब असेल तर आधी तिच्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: यात अँटीबायोटिक आहे का, सोबत दुसरं काय लावायचं, आणि थांबवायचं कधी? मित्राला ट्यूब सुचवण्याऐवजी हे तीन प्रश्न फॉरवर्ड केलेत तरी चालेल.