बाळंतिणींचे कैवारी डॉक्टर सेमेल्वाइस

बाळंतपणाचे पहिले दहा दिवस स्त्रीस किती जोखमीचे असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बाळ सुखरूप जन्मतें, घरांत आनंद होतो. आणि दोन चार दिवसांत बाळंतिणीस हुडहुडी भरून ताप येतो, ओटीपोट दुखूं लागतें, व वेळीं उपाय न झाल्यास ती दगावते. यास सूतिकाज्वर म्हणतात. पूर्वीं आमच्या खेड्यांत कोणी यास दृष्ट म्हणत, कोणी सटवीचा कोप म्हणत, कोणी दैवावर हवाला ठेवीत. हा ताप कशानें टळतो, हें ज्यांनीं दाखवून दिलें त्यांचें चरित्र आज आम्ही सादर करितों.

इग्नाझ सेमेल्वाइस यांचा जन्म ता. 1 जुलै 1818 रोजीं हंगेरी देशांतील बूडा या शहरीं झाला. त्यांचे वडील किराणा मालाचे सधन व्यापारी होते. कायद्याच्या अभ्यासासाठीं ते 1837 सालीं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें गेले; परंतु लवकरच त्यांचें मन वैद्यकाकडे वळलें. 1844 सालीं ते डॉक्टर झाले, व 1846 च्या जुलै महिन्यांत तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिगृहांत साहाय्यक म्हणून कामास लागले.

या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. येणाऱ्या स्त्रिया बहुतेक गरीब व निराधार असत, आणि कोणत्या दिवशीं ती आली त्यावरून तिचा विभाग ठरे. 1846 सालीं पहिल्या विभागांत शंभर बाळंतिणींपैकीं अकरांहून अधिक मेल्या. दुसऱ्यांत तीनही नाहीं. ही गोष्ट शहरांतील गरीब बायांस ठाऊक होती. पहिल्या विभागांत नेऊं लागले म्हणजे त्या गुडघे टेकून दुसऱ्यासाठीं विनवीत. कित्येकजणी तर वाटेंतच बाळंत होत. आणि नवल हें कीं, त्यांस हा ताप क्वचितच येई.

वडील डॉक्टर हवेस दोष देऊन स्वस्थ राहिले. सेमेल्वाइस यांस स्वस्थ बसवेना. गर्दीमुळें म्हणावें, तर दुसऱ्या विभागांत गर्दी अधिक. अन्न व हवा दोहोंकडे सारखीच. दुसऱ्या विभागांत स्त्रियांस कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून त्यांनीं पहिल्यांतही तसें करविलें. गुण आला नाहीं. मरणोन्मुख स्त्रीजवळ जाणारा धर्मगुरु घंटा वाजवीत सर्व खोल्यांतून जाई. त्या भयानें ताप येत असेल म्हणून त्यांनीं त्यास घंटेशिवाय दुसऱ्या वाटेनें येण्यास सांगितलें. तरीही मरणें थांबलीं नाहींत.

मार्च 1847 मध्यें त्यांचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का हे प्रेताची तपासणी करीत असतां एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटास लागली, व थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांच्या शरीरांत आढळलेलीं चिन्हें बाळंतिणींच्या प्रेतांत आढळणाऱ्या चिन्हांसारखींच होतीं. तेव्हां सेमेल्वाइस यांच्या मनांत प्रकाश पडला. डॉक्टर व विद्यार्थी प्रेतें फाडून तसेच बाळंतिणीकडे येत. साबणानें हात धुतले तरी प्रेताची दुर्गंधी हातांस राही. सुइणी प्रेतांस शिवत नसत. म्हणजे मरण वाऱ्यानें येत नव्हतें. मदतीस आलेल्या हातांनींच तें येत होतें!

मे महिन्यांत त्यांनीं नियम केला कीं, क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणींही गरोदर स्त्रीस शिवूं नये. एप्रिलांत शंभरांत अठरा मेल्या होत्या. जूनांत दोनच्या सुमारास. 1848 सालांतील दोन महिने तर असे गेले कीं, एकही बाळंतीण दगावली नाहीं.

आमच्या घरीं प्रेतें कोण फाडतो, असें कोणी म्हणेल. त्यानें पुढील गोष्ट ध्यानांत घ्यावी. ऑक्टोबर 1847 मध्यें पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडित अशी एक स्त्री होती. तिच्या अंगांतून घाण स्राव वाहत असे. तिला तपासून डॉक्टर साध्या साबणानें हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले. त्या बारा स्त्रियांपैकीं अकरा मेल्या! तेव्हांपासून प्रत्येक रोग्यानंतर हात धुण्याचा नियम झाला.

इतकें होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनीं त्यांचें म्हणणें मानिलें नाहीं. मानावें तर आपल्याच हातून माता मेल्या हें कबूल करावें लागे. सेमेल्वाइस यांनीं तें कबूल केलें. आपल्यामुळें किती स्त्रिया अकालीं गेल्या हें देवच जाणे, अशा अर्थाचें त्यांनीं आपल्या ग्रंथांत लिहिलें. 1849 सालीं त्यांची नेमणूक पुढें चालविली नाहीं. 1850 सालीं ते मायदेशीं पेस्ट शहरीं परतले. तेथील रुग्णालयांत सहा वर्षांत 933 बाळंतपणें झालीं, त्यांत या तापानें केवळ आठजणी गेल्या. त्यांचा ग्रंथ 1861 सालीं प्रसिद्ध झाला. परंतु तो उशिरां आला, आणि विरोधकांस त्यांनीं लिहिलेलीं पत्रें इतकीं कडक होतीं कीं, पुष्कळांचीं मनें अधिकच कठीण झालीं.

1865 सालीं त्यांची बुद्धि भ्रमली. त्यांस व्हिएन्ना येथील वेड्यांच्या रुग्णालयांत ठेविलें. तेथें त्यांस मारहाण झाली, जखम चिघळली, व ता. 13 ऑगस्ट रोजीं वयाच्या 47 व्या वर्षीं रक्तदोषानें ते वारले. ज्या विषाशीं ते जन्मभर झुंजले, त्याच जातीच्या विषानें त्यांचा अंत केला. पुढें 1879 सालीं फ्रान्सांतील पाश्चर यांनीं या तापाचे जंतु दाखविले, आणि सेमेल्वाइस खरे ठरले. 1969 सालीं बूडापेस्ट येथील वैद्यकीय विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें.

प्रिय वाचकहो, आज बहुतेक बाळंतपणें दवाखान्यांत होतात. परंतु बाळंतीण घरीं येते तेव्हां जोखीम संपलेली नसते. तिला व बाळाला शिवण्यापूर्वीं सासूनें, सुइणीनें, पाहुणीनें, सर्वांनीं साबण व स्वच्छ पाणी घेऊन हात धुवावे. नखें कापलेलीं असावीं. बाळंतिणीच्या घड्या धुऊन उन्हांत वाळवाव्या. नाळेस शेण, राख कांहीं लावूं नये. ताप आला, अंगावरून दुर्गंधी जाऊं लागली, किंवा रक्त फार गेलें, तर अंगारेधुपारे करीत एक दिवसही न दवडतां तिला दवाखान्यांत न्यावें. उपदेशक बंधूंनीं हें चरित्र स्त्रियांच्या सभेंत वाचून दाखवावें, आणि पुरुषांसही ऐकवावें. कारण गाडी जोडण्याचा निर्णय बहुधा त्यांच्याच हातीं असतो.