सासवण्याचे नानासाहेब

पेण, रोहा या शाखांत माझी बँकेची उमेदीची वर्षं गेली. पेणच्या गणपती कारखानदारांचे कर्जाचे अर्ज पाहताना मनात यायचं, ओल्या मातीच्या भरवशावर पैसे द्यायचे कसे? तेव्हा हटकून आमच्याच जिल्ह्यातले नानासाहेब करमरकर आठवत.

विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१, अलिबाग तालुक्यातलं सासवणे. पोरवयात त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराज रंगवले. ते चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या नजरेस पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढे कलकत्ता, लंडन.

खरी कसोटी लागली ती पुण्याच्या अश्वारूढ शिवस्मारकाच्या वेळी. मुदत तोकडी, पुतळा साडेतेरा फुटी, आणि या गृहस्थांनी ठरवलं की तुकडे जोडायचे नाहीत, एकसंधच ओतायचा! वितळलेला धातू साच्यात मध्येच थिजला, तर सारी मेहनत भंगारात. (आमच्या हेड ऑफिसनं असला प्रस्ताव परतच पाठवला असता.) माझगाव गोदीत ओतकाम झालं आणि साधलं. १९२८ साली पुण्यात पुतळा उभा राहिला.

नानासाहेब १९६७ साली गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरी शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथली म्हैस जरूर पाहा. माझ्या नातीनं तिच्यापुढे गवत धरलं होतं.