दोनशे मीटरवरून अचूक, दोन हातांवरून चूक

हॅरी व्हार्डन यांनी टोलवलेला चेंडू दोनशे मीटरवर हव्या त्या जागी जाऊन पडत असे. तोच चेंडू होलपासून दोन हातांवर आला, की त्यांचा उजवा हात दचके आणि चेंडू बाजूने निघून जाई. लहान मुलानेही घालावा असा फटका! गोल्फमध्ये त्याला ‘पट’ म्हणतात. विशेष म्हणजे याच माणसाने ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली आणि हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

व्हार्डन यांचा जन्म ९ मे १८७० रोजी जर्सी बेटावरच्या ग्रूव्हिल गावात झाला. वडील माळीकाम करीत. गावात गोल्फचे मैदान झाले, तेव्हा हॅरी लहान होता. गावची पोरे पाहुण्या खेळाडूंच्या काठ्या वाहत आणि स्वतः घरी बनवलेल्या काठ्यांनी खेळत. शिकवायला कुणी नव्हते. विशीत ते इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये पहिली ओपन जिंकले.

उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची, ही पकड त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती त्यांनी शोधली नव्हती, पण जगभर पोहोचली ती त्यांच्यामुळे. या पकडीत दोन्ही हात एकजीव होऊन फिरतात, एक दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही. काठी आवळून धरू नये, यावर त्यांचा भर असे. मूठ आवळली की मनगट आणि दंड ताठरतात आणि फटक्याची लय जाते. शिकाऊ गोल्फपटूंना आजही हेच सांगावे लागते.

१९०३ ची ओपन त्यांनी प्रकृती ढासळलेली असतानाच जिंकली. निदान झाले क्षयाचे. क्षयावर औषध तेव्हा नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून चाळीस वर्षे होती. मोकळी हवा, चांगला आहार आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार. नॉरफोकमधल्या मंडस्ली येथील आरोग्यधामात राहून ते सावरले, पुन्हा मैदानात उतरले. पण छोट्या पटच्या वेळी हात उडण्याचा त्रास त्यानंतरच्या वर्षांत त्यांना छळत राहिला.

याला पुढे ‘यिप्स’ हे नाव मिळाले. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकच्या संशोधकांनी त्याचे दोन प्रकार मानले आहेत. एकात मनावरचा ताण मुख्य असतो. दुसऱ्यात मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेशच गडबडतात. याला डिस्टोनिया म्हणतात. तो बहुधा एकाच सरावाच्या कामात दिसतो. जेवताना, बटण लावताना तोच हात ठीक चालतो, म्हणून लोकांना ते सोंग वाटते.

गोल्फ आपल्या भागात खेळतो कोण, असे बोईसरचा वाचक विचारेल. पण चिंचणी-डहाणू पट्ट्यात सोन्याच्या दागिन्यांचे डाय घडवणारे कारागीर आहेत. वर्षानुवर्षे तेच बारीक काम करणाऱ्या बोटांना हा त्रास होऊ शकतो. लेखनिकांना आणि वादकांना तो होतो हे तर जुनेच निरीक्षण आहे. पेन धरले की बोटे वळतात, सोडले की सरळ होतात, असे होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. जोर लावून जास्त सराव केल्याने हे बरे होत नाही, उलट चिघळू शकते. पकड बदलणे, हत्यार जाड मुठीचे करणे, व्यायामोपचार आणि काहींना बोटुलिनमचे इंजेक्शन, असे मार्ग आहेत. गोल्फपटूही पटसाठी हातांची जागा उलटी करतात. मेंदूला ती हालचाल नवी वाटते आणि बिघडलेली सवय टाळता येते.

व्हार्डन यांच्या वेळी यातले काही माहीत नव्हते. तरीही १९११ आणि १९१४ मध्ये त्यांनी ओपन पुन्हा जिंकली. १९२० मध्ये, पन्नाशीत, ते अमेरिकन ओपनमध्ये शेवटच्या फेरीत आघाडीवर होते. मग वादळी वारा सुटला, अंग थकले, पट चुकत गेले आणि एका फटक्याने ती स्पर्धा टेड रे यांच्याकडे गेली. २० मार्च १९३७ रोजी इंग्लंडमधल्या टॉटरिज येथे व्हार्डन यांचे निधन झाले.