पंडिता रमाबाई आणि छप्पनियाचा दुष्काळ

गुजरातच्या खेड्यांतून आजही जुनी माणसे छप्पनियाचे नाव काढतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. पाऊस आलाच नाही, गुरे मेली, माणसे घरदार सोडून वाट फुटेल तिकडे निघाली. आपले बडोदे संस्थानही त्यातून सुटले नाही. आज ज्या समा भागात आपल्या सोसायट्या उभ्या आहेत, तिथे तेव्हा गाव आणि शेतेच होती. त्या वर्षी गुजरातमधल्या शेकडो अनाथ मुली आणि तरुण विधवांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावी आसरा मिळाला. तो देणारी बाई मराठी होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. बायकांना संस्कृत शिकवू नये, हा त्या काळचा दंडक. शास्त्रीबुवांनी तो मोडला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले. पुढे आईने लेकीला शिकवले. घर असे नव्हतेच. तीर्थामागून तीर्थ करायचे, देवळात पुराण सांगायचे, श्रोते देतील त्यावर गुजराण करायची. लहान वयातच रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते.

मग मद्रास इलाख्यातला मोठा दुष्काळ आला. साठवलेले संपले, दागिने आणि भांडीकुंडी विकली गेली. भीक मागणे जमेना आणि मजुरीची सवय नव्हती. थोड्या थोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून कळले नव्हते. पुढचे सगळे आयुष्य समजून घ्यायचे, तर हे आधी लक्षात ठेवावे लागते.

१८७८ साली भावंडे कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जातीबाहेरचे लग्न, म्हणून दोन्हीकडून बहिष्कार. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ साली पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे संपले. कडेवर तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी बायकांसाठी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर मागितले. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत राहिला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या होत्या. तिथून त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथले एक घर पाहायला पाठवले. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या म्हणून ज्यांच्या सावलीलाही कोणी उभे राहत नसे, अशा बायकांची तिथे भगिनी स्वतःच्या हातांनी सेवा करत होत्या. हे त्या का करतात, याचे उत्तर त्यांना येशूच्या चरित्रातल्या शोमरोनी बाईच्या गोष्टीत मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. आधी तत्त्वज्ञान पटले आणि मग सेवा आली, असे त्यांचे झाले नाही. आधी त्यांनी सेवा पाहिली.

१८८६ साली नात्यातल्याच आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेत गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक बालविधवा गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि सगळा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

त्याच १८९३ साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. एक आपल्याला ठाऊक आहे. आज ज्या परंपरेत आपण समामध्ये बाप्पांची स्थापना करतो, त्या सार्वजनिक गणेशोत्सवाने त्या वर्षी आकार घेतला. दुसरी गोष्ट आपण सहसा आठवत नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत, यावरून शहरात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेत पुढाकार घेतला. रानडे आणि भांडारकर हे तर रमाबाईंचे हितचिंतक, पण तेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात एकच बाजू सांगणे बरोबर नाही. शाळेत धर्म शिकवला जाणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. त्यांना सोवळेओवळे पाळायची मोकळीकही होती. पण बाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि मुली आपणहून येऊन बसत. पालकांना भरवसा मोडल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नव्हते. मात्र त्या विधवांना शिकवायला, सांभाळायला त्या वेळी दुसरे दार फारसे उघडे नव्हते, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिथे गेल्या. मदत छावण्यांतून पोरक्या मुलींना फसवून नेणारे लोक टपलेले त्यांनी पाहिले. सुमारे तीनशे मुली-बायकांना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर हलवले. पुणे-दौंड लोहमार्गावरचे हे केडगाव. नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शनाला जाणाऱ्यांनी हे स्टेशन पाहिले असेल. रमाबाईंनी तिथे शंभर एकर माळरान आधीच घेऊन ठेवले होते, विहिरी खणल्या होत्या. तिथेच ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. सरकारी नोकरीत राहून मदतकार्याची कागदपत्रे पाहिलेल्या माझ्यासारख्याला यातले मोल जरा जास्त कळते. दया पुष्कळांना येते, पण शेकडो माणसांसाठी पाणी, धान्य आणि छप्पर यांची सोय आधी करून ठेवणारे थोडे.

छप्पनिया आला तेव्हा मुक्ती सदन आधीच भरलेले होते. तरीही बाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवली. रेल्वेने मुली केडगावला येत राहिल्या, हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, भेदरलेल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोणाची जात कोणती, भाषा कोणती, हे दारात विचारले गेले नाही. आत मात्र ख्रिस्ती उपासना होती आणि या वेळी ते कोणापासून लपवलेले नव्हते. बरे वाटू लागले की मुलीला काम शिकवले जाई. विणकाम, शिवण, तेलघाणी, गाईगुरे, शेती, छापखाना. फसलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. अंध बायकांसाठी वेगळी सोय झाली आणि परदेशात शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली.

शेवटची वर्षे बाईंनी मराठी बायबलच्या भाषांतराला दिली. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आठ-नऊ महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच रमाबाईंनी देह ठेवला. भारत सरकारने १९८९ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

मंडळी, रमाबाईंचा धर्म आपला नव्हता आणि त्यांनी तो का बदलला, यावर आपले मत वेगळे असू शकते. पण छप्पनियात भुकेने मरणाऱ्या या मातीतल्या लेकींना परके न मानता त्यांनी आपल्या ताटातले दिले, हे ऋण बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये. दहा दिवस आपण आरत्या म्हणू, प्रसाद वाटू. अकराव्या दिवशी मांडव उतरल्यावर आपल्याच गल्लीत एखादी एकटी म्हातारी, एखादे कमावते माणूस गेलेले घर आहे का, एवढे पाहिले, तरी विघ्नहर्त्याला ते आवडेल.

गणपती बाप्पा मोरया!