मिर्झा, रामशास्त्री आणि मौलवीसाहेब : गजानन जागीरदार यांचे चरित्र



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना समाजसुधारक, संत, राजकीय नेते आणि साहित्यिक यांची चरित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. लेखकामागे त्याचे ग्रंथ राहतात, सुधारकामागे त्याने उभारलेल्या संस्था राहतात. नटामागे काय राहते? रंगभूमीवरील नटामागे केवळ आठवणी राहतात. चित्रपटातील नटाची छाया आणि त्याचा आवाज तेवढे टिकतात, पण तेही दुसऱ्याच्या नावाने. तो पडद्यावर जे बोलतो ते दुसऱ्याने लिहिलेले असते आणि ज्या नावाने वावरतो ते नाव त्याचे नसते. अशा व्यक्तीचे चरित्र लिहिताना अभ्यासकाने कशाचा आधार घ्यावा, हा प्रश्न मनात ठेवून हा घटक वाचावा. यात तुम्हांला काल्पनिक संवाद किंवा प्रसंगांची सजावट आढळणार नाही. सार्वजनिक नोंदीतील घटना आणि प्रत्यक्ष कलाकृती एवढ्यांवरच येथे विसंबलेले आहे.

गजानन जागीरदार यांचा जन्म 2 एप्रिल 1907 रोजी अमरावती येथे झाला. तुमच्यापैकी जे नांदगाव खंडेश्वर, दर्यापूर किंवा चांदूर रेल्वे अशा ठिकाणी राहून, नोकरी-शेती सांभाळून ही पदवी पूर्ण करीत आहेत, त्यांना अमरावती म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण, कापसाची बाजारपेठ, कचेरी आणि महाविद्यालये एवढे ठाऊक असते. चित्रपटाच्या इतिहासात मात्र कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांचा उल्लेख इतक्या वेळा होतो की त्या इतिहासाशी वऱ्हाडचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे. जागीरदारांच्या आधी एक वर्ष, 1906 साली, याच अमरावतीत विश्राम बेडेकर यांचा जन्म झाला. 'रणांगण' ही त्यांची कादंबरी तुम्ही अन्य अभ्यासपत्रिकेत वाचली असेल. हे दोघे अमरावतीकर पुढे एकाच चित्रपटात, एक लेखक म्हणून आणि दुसरा नट म्हणून, एकत्र आले. त्या चित्रपटाकडे आपण लवकरच वळणार आहोत.

तत्पूर्वी वऱ्हाडच्या भाषिक पार्श्वभूमीविषयी थोडे. जागीरदारांच्या अभिनयाचा विचार करताना ती उपयोगी पडते, असे मला वाटते. वऱ्हाड 1853पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर तो इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1903मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. इमादशाहीच्या काळात अचलपूर ही राजधानी होती. फारसी आणि दखनी उर्दूचा सहवास या प्रदेशाला काही शतकांचा आहे. येथील बाजारात, न्यायालयात आणि मोहल्ल्यात उर्दू कानावर पडते. ती ऐकण्यासाठी वऱ्हाडी माणसाला लखनौस जावे लागत नाही. 'डोळा'चा 'डोया' करणारी आणि 'मला'ऐवजी 'मले' म्हणणारी वऱ्हाडी बोलीही या शेजारापासून अलिप्त राहिलेली नाही. येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. नटाचे उच्चार त्याच्या जन्मगावावरून सिद्ध करता येत नाहीत. परंतु ज्या नटाच्या सर्वांत लक्षात राहिलेल्या भूमिकांपैकी दोन मुसलमान वृद्धांच्या आहेत, त्याच्या जन्मभूमीचा हा इतिहास दुर्लक्षून चालणार नाही.

बोलपटाचा उदय

जागीरदारांची सुरुवात हौशी रंगभूमीवर झाली. ते तारुण्यात आले तेव्हा संगीत नाटकाचा बहर ओसरू लागला होता आणि मूकपट स्थिरावला होता. 1931 साली 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठीत आला. या बदलाचे परिणाम भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखे आहेत. मूकपटात नटाची मातृभाषा कोणती, याला महत्त्व नव्हते. बोलपटाने एका रात्रीत उच्चार, स्वराघात आणि शब्दफेक यांना किंमत आणली. ज्यांचे चेहरे चालत होते त्यांपैकी अनेकांचे आवाज चालेनात. ज्यांना भाषा येत होती, वाचनाची बैठक होती आणि रंगभूमीचा सराव होता, अशांना या नव्या माध्यमात जागा मिळाली. जागीरदार हे या दुसऱ्या वर्गातील. प्रभातच्या परिवारात त्यांनी चित्रपटाचे पहिले धडे गिरविले आणि 1934च्या 'सिंहासन'पासून ते दिग्दर्शकही झाले. पुढे आचार्य अत्रे यांच्यासाठी त्यांनी 'पायाची दासी' (1941) आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वर आधारलेला 'वसंतसेना' (1942) हे चित्रपट दिग्दर्शित केले. ही कामगिरी चांगल्या प्रतीची असली तरी केवळ तिच्यामुळे आज त्यांचे नाव आपण घेतले नसते.

'शेजारी' आणि 'पडोसी'

1941 साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली एक कथा दोन भाषांत चित्रित केली. मराठीत ती 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' या नावाने आली. लेखन विश्राम बेडेकरांचे होते. एका गावात एक हिंदू आणि एक मुसलमान असे दोन वयस्क मित्र शेजारी राहतात. धरण बांधण्यासाठी बाहेरून आलेल्या माणसाचे हितसंबंध त्यांच्या मैत्रीच्या आड येतात, संशय पेरला जातो, दोन घरे आणि त्यांच्यामागे सारे गाव दुभंगते. शेवटी धरण फुटते आणि त्या प्रलयात दोघे मित्र एकमेकांचा हात धरून प्राण सोडतात.

कथा कधी सांगितली गेली, हे पाहणे आवश्यक आहे. मार्च 1940मध्ये मुस्लिम लीगने लाहोर येथे स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारा ठराव केला होता. वर्षभरातच हा चित्रपट आला. त्या वातावरणात पात्रयोजना हेच एक विधान ठरले. 'पडोसी'मध्ये हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाने केली आणि मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांनी. 'शेजारी'मध्ये केशवराव दाते हिंदू मित्र झाले. मिर्झा मात्र दोन्ही भाषांत जागीरदारच राहिले.

तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. पांढरी दाढी रंगभूषाकार लावून देतो. वार्धक्य नटाला स्वतः आणावे लागते. ते चालण्याच्या गतीत, बोलताना घेतलेल्या विसाव्यात आणि रागावल्यावर उशिरा चढणाऱ्या आवाजात असते. माझ्या मते जागीरदारांचे खरे कौशल्य येथे आहे की त्यांचा मिर्झा प्रथम म्हातारा शेजारी वाटतो आणि मग मुसलमान. त्या काळच्या नाटकांतून आणि चित्रपटांतून मुसलमान पात्र उभे करण्याची एक ठरीव तऱ्हा होती: मोडकी हिंदी, मोठा आवाज, अतिरेकी हावभाव. या तऱ्हेला त्यांनी थारा दिला नाही. दोन भाषांत एकच पात्र उभे करताना शब्द बदलले तरी माणूस बदलू न देणे, हे भाषिकदृष्ट्याही कठीण काम आहे. अनुवादाच्या घटकात तुम्ही ज्याला समतुल्यता म्हणालात, ती येथे एका जिवंत देहात साधावयाची होती.

'रामशास्त्री'

'शेजारी'नंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि कंपनीचा आधारस्तंभ निखळला. उतरणीच्या या काळात प्रभातने जो मोठा चित्रपट दिला तो 'रामशास्त्री' (1944). त्याच्या दिग्दर्शनाशी राजा नेने, विश्राम बेडेकर आणि जागीरदार अशी तीन नावे निगडित आहेत. हातांची अशी अदलाबदल झाल्यावर कलाकृती बहुधा विस्कळीत होते. 'रामशास्त्री' तशी झाली नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी मध्यवर्ती भूमिकेला द्यावे लागते आणि ती भूमिका जागीरदारांची आहे.

रामशास्त्री प्रभुणे हे पेशवाईतील न्यायाधीश. साताऱ्याजवळील माहुलीचा हा मुलगा लहानपणी निरक्षर होता, अपमानाने पेटून तो काशीस गेला आणि शास्त्री होऊन परतला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशयाची सुई चुलते रघुनाथराव यांच्याकडे वळली. सत्ता ज्याच्या हातात, त्याच्याच विरुद्ध निर्णय देण्याची वेळ रामशास्त्र्यांवर आली आणि त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आनंदीबाईंनी आज्ञापत्रातील 'धरावे'चे 'मारावे' केले, या आख्यायिकेतून 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीला मिळाला, हे तुम्ही जाणताच. एका अक्षराच्या फेरफाराने माणूस मारला जातो, या कल्पनेवर आपल्या भाषेचा किती विश्वास आहे, हे यातून दिसते. चित्रपटातील आनंदीबाई ललिता पवार यांनी साकारली.

न्यायाधीशाची भूमिका नटासाठी धोक्याची असते. गर्जना करण्याचा मोह प्रत्येक वाक्यात असतो. जागीरदारांनी शांतपणा निवडला. निर्णय देणारा माणूस जितका स्थिर, तितका तो निर्णय अटळ वाटतो, हे त्यांनी ओळखले होते. भाषा संस्कृतप्रचुर, तरीही ती पाठ केल्यासारखी वाटत नाही. विद्वत्तेची सवय असलेल्या माणसाची ती रोजची भाषा वाटते. 1944 साली, परकीय सत्तेखाली आणि नेते तुरुंगात असताना, सत्ताधीशाला दोषी ठरविणारा न्यायाधीश पाहताना प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

उत्तरायुष्य

पुढील चार दशकांचा पट विस्तीर्ण आणि असमान आहे. सारेच चित्रपट स्मरणात ठेवण्याजोगे नाहीत. 'जेलयात्रा' (1947) त्यांनी दिग्दर्शित केला. त्यात तरुण राज कपूर होते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा असा चित्रपट म्हणजे 'वैजयंता' (1961). अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि जयश्री गडकर त्यात प्रमुख भूमिकेत आहेत. तमाशातील स्त्रीचे जीवन मांडणारी अण्णा भाऊंची कथा जागीरदारांनी पडद्यावर आणली, ही गोष्ट अण्णा भाऊंवरील प्रश्नांची उत्तरे लिहिताना सहसा कोणी नोंदवीत नाही.

त्याच सुमारास त्यांच्या जीवनात एक वर्तुळ जुळून आले. पुण्यातील प्रभातचा स्टुडिओ बंद पडला होता. त्याच जागेत 1960 साली भारत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि तिच्या पहिल्या प्रमुखपदाची धुरा 1961-62 मध्ये जागीरदारांनी वाहिली. ज्या आवारात त्यांनी मिर्झा आणि रामशास्त्री उभे केले, तेथेच आता चित्रपटाचे रीतसर शिक्षण सुरू होत होते. त्यांच्या पिढीने ही कला पाहून, चुकून आणि फटकारे खाऊन आत्मसात केली होती. तिचा अभ्यासक्रम होऊ शकतो, यावर विश्वास ठेवणे त्या पिढीला सोपे नव्हते. जागीरदारांनी पुढे अभिनयावर पुस्तकही लिहिले आणि आत्मचरित्रही.

हिंदी चित्रपटांत ते चरित्र-अभिनेते म्हणून स्थिरावले. 'गाइड'मध्ये (1965) राजूला साधू समजून त्याच्यावर श्रद्धा ठेवणारा खेडूत भोला त्यांनी रंगविला. नायक देव आनंद यांचा पहिला चित्रपट प्रभातचाच होता, हे जाता जाता सांगावेसे वाटते. एकेकाळचा नायक दहा-पंधरा प्रसंगांच्या भूमिकेत दिसू लागला की त्याला उतरती कळा म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती येथे लागू करू नये. 1981 सालच्या 'उमराव जान'मध्ये मुझफ्फर अली यांनी त्यांना मौलवीसाहेबांची भूमिका दिली. कोठ्यावर आणलेल्या मुलीला अक्षरे आणि शायरी शिकविणारा तो वृद्ध शिक्षक आहे. लखनौच्या नजाकतीत रमलेल्या त्या चित्रपटात, जेथे प्रत्येक 'क़' आणि 'ख़' कसोटीला लागतो, अमरावतीत जन्मलेला चौऱ्याहत्तर वर्षांचा मराठी नट उर्दूचा शिक्षक म्हणून शोभतो. 'पडोसी'तील मिर्झाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. आता दाढी पांढरी करण्यासाठी रंगभूषाकाराची गरज उरली नव्हती.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या कादंबरीवरील मालिका त्यांनी दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमा घराघरांत पोहोचली. तुमच्यातील वयाने ज्येष्ठ विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. गावात एखाद्याच घरी दूरचित्रवाणी संच असे आणि ओसरीवर शेजारपाजार जमत असे. पेशव्यांचा दरबार, शनिवारवाडा आणि त्या दरबारातील न्यायाधीश रामशास्त्री यांच्याकडे जागीरदार ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना पुन्हा वळले होते.

13 ऑगस्ट 1988 रोजी त्यांचे निधन झाले.

उपक्रम : 'शेजारी' किंवा 'पडोसी' आणि 'उमराव जान' हे चित्रपट मिळवून पाहा. मिर्झा आणि मौलवीसाहेब यांचे प्रत्येकी एक दृश्य निवडून तीन-चार वेळा केवळ ऐका, पाहू नका. कोणत्या शब्दावर ते थांबतात, कोणता स्वर लांबवितात आणि संबोधने कशी उच्चारतात, याची टिपणे घ्या. त्यांवरून दोन पृष्ठांचे निरीक्षण लिहून संपर्कसत्रात सोबत आणावे.